वाटणीतल्या आठ पट्ट्या

आमच्या घरात सकाळी सहाला पहिली बॅच बसायची, त्यामुळे गजराच्या घड्याळाची गरज कुणाला कधी पडली नाही. जळगावच्या त्या घराची पुढची लांबट खोली म्हणजे टायपिंगचा क्लास. दोन ओळींत पंधरा टाइपरायटर, अकरा मराठी आणि चार इंग्रजी. मधल्या दोन खोल्यांत आम्ही आणि काकांचं कुटुंब, मागे स्वयंपाकघर, आणि त्यामागे अंगणात ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या वाळत घालायची खाट. पंधरा यंत्रं एकदम चालू झाली की कपाटातल्या पितळी डब्यांची झाकणं थरथरायची, आणि आई त्या आवाजावर मात करून बोलायची सवय लागल्यामुळे रविवारीसुद्धा मोठ्यानेच बोलायची. नाना, म्हणजे माझे वडील, दाराजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसायचे. ते वाचतात असं नव्या पोरांना वाटायचं. मग वर्तमानपत्रामागून आवाज यायचा, "तिसऱ्या यंत्रावरचे, करंगळी वापरा." कान एवढा तयार, की कुणाचं कुठलं बोट आळशी आहे ते त्यांना न बघता कळायचं. आमच्या घरात खोटं बोलणं त्यामुळे अवघड होतं. बोलण्याआधी माणूस जरा थांबतो, आणि नाना ते थांबणं ऐकायचे.

नानांचे धाकटे भाऊ म्हणजे आबा. वयाने सहा वर्षांनी लहान, पण लोक त्यांना आबा म्हणत म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो. नानांना जे चालू आहे ते नीट चालावं असं वाटे, आणि आबांना जे अजून आलेलं नाही त्याची घाई असे. दोघांचं त्यामुळे उत्तम चालायचं, असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. कॉम्प्युटर आणायचे हे आबांचं. नाना तीन महिने नाही म्हणाले आणि मग एका सकाळी फौजदारी डाळ आणि भाकरी खाता खाता, ताटातून वर न बघता, दोन आण म्हणाले. एक आणला तर पोरं रांगेत उभी राहतील, हा त्यांचा हिशेब. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग जोडून घेतलेली ती दोन यंत्रं आली तेव्हा आमच्या झोपायच्या खोल्यांतली एक गेली. तिथे वाळ्याचा कूलर लागला. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन यायचं, आणि आत मोठ्याने बोलायचं नाही. जळगावच्या मे महिन्यात संपूर्ण घरात थंड अशी ती एकच खोली होती, आणि ती यंत्रांसाठी होती. काकू म्हणायची, पुढच्या जन्मी मला कॉम्प्युटर कर.

बाहेरून दोन्ही यंत्रं अगदी सारखी. तेच पांढरे डबे, तेच पडदे, आतला मुख्य बोर्डही एकाच कंपनीचा. फरक होता तो फक्त मेमरीचा. एकात एक-एक एमबीच्या चार पट्ट्या होत्या, दुसऱ्यात त्याच्या पाव क्षमतेच्या चार. म्हणून एकाला आम्ही मोठं म्हणायचो आणि दुसऱ्याला लहान. मोठ्यावर आबा मराठी अक्षरजुळणी करायचे, लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका. लहानावर पोरं शिकायची. चालू केल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात आकडा पळायचा आणि आतून टिक-टिक आवाज यायचा. मोठ्याचा बराच वेळ चालायचा, लहानाचा झटकन संपायचा. आज माझ्या हातातल्या साध्या फोनची मेमरी त्या मोठ्या यंत्राच्या दोन हजार पट आहे, आणि मी त्याच्यावर बातम्या वाचते आणि सुनेला भाजी काय आणायची ते विचारते.

मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आबांना स्वतःची मुलं नव्हती, आणि मला पंख्यापासून इस्त्रीपर्यंत जे दिसेल ते उघडून बघायची खोड. डबा उघडायची पहिली वेळ मला चांगली आठवते. आबांनी आधी मला लोखंडी कपाटाला हात लावायला लावला, अंगातली वीज जाऊ दे म्हणून. मग पट्टी कडेने कशी धरायची, सोनेरी दातांना बोट का लावायचं नाही, तिरकी घालून मग उभी कशी करायची, ते दाखवलं. बोर्डावर आठ खाचा होत्या, चार-चारच्या दोन रांगा. एक रांग भरायची तर चारही पट्ट्या एकसारख्या हव्यात. तीन चालत नाहीत, आणि तीन मोठ्या एक लहान असंही चालत नाही. मी विचारलं, का? मोठ्या तीन आहेत तर निदान तेवढं तरी काम व्हावं. आबा म्हणाले, "खाटेचा एक पाय आखूड असला तर खाट तीन पायांवर उभी राहते का? बोर्ड चारही पट्ट्यांना एकदम हाक मारतो, आणि चौघींनी एकदम ओ द्यायला पाहिजे." यापेक्षा सोपं करून ते मला पुढे कुणीच सांगितलं नाही, आणि मी पुढची तीस वर्षं याच धंद्यात काढली.

त्यातही आणखी बारकावे होते, ते आम्हाला एका पट्टीने शिकवले. मोठ्या यंत्राची एक पट्टी एका उन्हाळ्यात गेली. आबा मुंबईला जाऊन एक एमबीची नवी घेऊन आले. आकार तोच, दात तेवढेच, क्षमता तीच. लावली तर आकडा पळता पळता मध्येच थांबायचा. दोन दिवस आम्ही खोडरबरने दात घासले, खाचा बदलून पाहिल्या. शेवटी मी दोन पट्ट्या शेजारी ठेवून बघितल्या तर जुनीवर नऊ काळ्या चिपा होत्या आणि नवीवर तीनच. चिपेवरच्या नंबराचे शेवटचे आकडेही वेगळे होते. ते वेगाचे असतात हे बोर्डाबरोबर आलेल्या पातळ पुस्तिकेत सापडलं. आबा पुन्हा मुंबईला गेले, या वेळी जुनी पट्टी खिशात घेऊन, आणि दुकानदारापुढे ती धरून म्हणाले, हिची सख्खी बहीण द्या. त्या पुस्तिकेतला तक्ता मी वहीत उतरवून घेतला, कुठल्या रांगेत काय चालतं आणि काय चालत नाही. तो तक्ता मला पाठ झाला. घरात तो दोघांनाच येत होता, आबांना आणि मला.

भांडण कशावरून झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. एकदा वाटतं, नाना टाइपरायटर सोडायला तयार नव्हते आणि आबांना सगळा क्लास कॉम्प्युटरचा करायचा होता, ते कारण. एकदा वाटतं, ते नुसतं सांगायचं कारण, आणि खरी गोष्ट आई आणि काकू यांच्यात ओट्यापाशी काहीतरी झाली होती. घरातली भांडी वाजत नव्हती, कुणी कुणाला टाकून बोलत नव्हतं. फक्त जेवणाच्या दोन पंगती झाल्या, आधी नानांची, मग आबांची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे झाले तेही दोन वेळा झाले. आखाजी संपल्यावर आबांनी धुळ्याला पाचव्या गल्लीत जागा बघितल्याचं कळलं, आणि नानांनी सोनगीरला निरोप पाठवला.

सोनगीरचे मामा म्हणजे नाना-आबांचे सख्खे मामा. शेती किल्ल्याच्या पायथ्याशी, अंगात कायम पांढरी बंडी. अर्ध्या तालुक्यातल्या घरांच्या वाटण्या त्यांनी केलेल्या, आणि त्यांनी केलेल्या वाटणीवर नंतर कुणी तक्रार केली नाही, अशी त्यांची ख्याती होती. त्यांची रीत ठरलेली होती. प्रत्येक वस्तू अंगणात आणायची. जोडीची असेल तर एक इकडे, एक तिकडे. विषम राहील ती बहिणीची. निम्मी होणारी असेल तर समोर निम्मी करायची, अंदाजाने नाही. वाटे झाले की धाकट्याने आधी उचलायचं. आणि वाटणी चालू असताना बायका-पोरांनी बोलायचं नाही. बोललं की ज्याचं माणूस बोललं त्याचा वाटा लोकांना मोठा दिसायला लागतो, असं ते सांगायचे.

तर त्या दिवशी सकाळी अंगणात सगळं मांडलं गेलं. पंधरा टाइपरायटर बाहेर उन्हात पहिल्यांदाच आले, आणि त्यांच्यावर इतका धुरळा होता हे मलाही माहीत नव्हतं. सात इकडे, सात तिकडे. पंधरावा विषम निघाला म्हणून फैजपूरला दिलेल्या बहिणीचा, आमच्या अक्काआत्याचा. तिने टाइपरायटरचं काय करायचं हा प्रश्न कुणी विचारला नाही, रीत ती रीत. पुढे कित्येक वर्षं तो तिच्या घरी धान्याच्या कोठीवर फडकं पांघरून बसलेला असे. पितळी डबे झाले, खाटा झाल्या, बिबड्यासुद्धा दोन टोपल्यांत मोजून झाल्या. मग दोन कॉम्प्युटर आले. मामांनी एक इकडे आणि एक तिकडे असा हात केला, आणि तेवढ्यात काकूच्या तोंडून निघून गेलं की त्यातलं एक मोठं आहे.

मामांनी दोन्ही डब्यांकडे निरखून पाहिलं. ते म्हणाले, "दोन्ही डबा सारखाच दिखतस. मंग मोठा कोणता?"

आबांना सांगावं लागलं. आत चार-चार पट्ट्या आहेत, यातल्या मोठ्या, त्यातल्या लहान. मामांनी मान हलवली. त्यांच्या दृष्टीने अवघड काहीच नव्हतं, आत जे असेल तेही सगळं निम्मं करायचं. "उघाडा. मझार जे शे ते बठ्ठं सारखं वाटानं. चारना दोन-दोन."

आबांनी पेचकस घेतला. मी सवयीने वाटी घेऊन शेजारी बसले, स्क्रू धरायला. दोन्ही डब्यांची झाकणं निघाली. आबांनी मोठ्यातल्या दोन पट्ट्या काढल्या, लहानातल्या दोन काढल्या, अदलाबदल करून बसवल्या. हात नेहमीसारखेच चालत होते. फक्त पहिली पट्टी खाचेतून सोडवल्यावर ती हातात धरून ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी खाली वाटीत बघितलं. मग त्यांनी पट्टी दुसऱ्या डब्यात घातली. नानांनी मनातल्या मनात बेरीज केली असावी, कारण ते समाधानाने म्हणाले, चार आणि एक पाच, म्हणजे अडीच-अडीच. मामा म्हणाले, "आते कोन्हं काय म्हननं राहिनं नही." सगळ्या वायरी गुंडाळून पोत्यात बांधलेल्या होत्या, त्यामुळे यंत्रं लावून बघायचा प्रश्न आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो आला आणि आबा, काकू, सात टाइपरायटर आणि एक कॉम्प्युटर धुळ्याला गेले.

दोन मोठ्या आणि दोन लहान अशा चार पट्ट्यांवर ते यंत्र कधीच चालू होणार नाही, हे मला पहिला स्क्रू वाटीत पडला तेव्हाच माहीत होतं. मी बोलले नाही याचं सोयीचं कारण तयार होतं, मामांची रीत. पण ते खरं कारण नव्हतं, आणि आता या वयात लपवण्यासारखं त्यात काही राहिलेलं नाही. मला वाटलं, दोन्ही यंत्रं बंद पडू देत. बंद पडली की दोघांनाही कळेल की एकाकडे चार सारख्या नेल्याशिवाय इलाज नाही, मग कुणीतरी कुणाकडे जाईल, बोलणं होईल, आणि बोलणं झालं की टेंपो परत येईल. एकोणीस वर्षांच्या मुलीने इतकं भाबडं असू नये, पण मी होते. आबांच्या बघण्याचाही मी तोच अर्थ घेतला, की तू गप्प राहा, माझ्याही मनात तेच आहे. मला त्या क्षणी फार बरं वाटलं होतं.

जूनमध्ये कॉलेजं उघडायच्या सुमाराला नानांनी कॉम्प्युटर जोडायला सांगितला. मी वायरी लावल्या आणि बटण दाबलं. पडदा काळाच. आतून तीन शिट्ट्या आल्या, थोडं थांबून पुन्हा तीन. नानांनी दोनदा बंद-चालू करायला लावलं. दाराबाहेर सात-आठ पोरं चपला काढून उभी होती. त्यांना आठवडाभराने या म्हणून सांगितलं. नाना मला काही विचारतील असं वाटलं होतं, पण त्यांनी मला विचारलं नाही. कारण त्यांच्या लेखी माझं शिक्षण म्हणजे आबांच्या शेजारी वाटी धरणं. त्यांनी टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एकाला बोलावलं. त्याने झाकण उघडून आत टॉर्च मारला आणि जाणकाराच्या थाटात सांगितलं की आत कुणीतरी हात घातलाय.

हात कुणी आणि का घातला होता ते सगळ्या घराने अंगणात बसून पाहिलं होतं. पण माणसाला जे मानायचं असतं त्याला तेवढंही पुरतं. संध्याकाळपर्यंत नानांचं ठरलं होतं, आबा जाता जाता मशीन मारून गेला. मामांच्या देखत, डोळ्यांदेखत काहीतरी करून गेला, आपल्याला त्यातलं कळत नाही याचा फायदा घेतला. नाना ओरडले नाहीत. ते हे शांतपणे सांगत राहिले, आईला, मग शेजाऱ्यांना, मग जुन्या विद्यार्थ्यांना. प्रत्येक वेळी सांगताना ते थोडं जास्त खरं व्हायचं. आई भाकरी थापता थापता म्हणाली की आबा तसे नाहीत, तर नाना म्हणाले, तसे नव्हते. मी मागच्या अंगणात जाऊन बसले. मी जे घडावं म्हणून गप्प बसले होते त्याच्या नेमकं उलट घडत होतं, आणि मला तोंड उघडायची भीती वाटत होती. असे अकरा-बारा दिवस गेले. त्या दिवसांतलं मला जेवणही आठवत नाही, आणि मी जेवण विसरणाऱ्यातली नाही.

मग एका दुपारी नानांनी मला मराठी यंत्रावर बसवलं. क्लास रिकामा होता. कार्बन लावायला सांगितला, म्हणजे प्रत ठेवायची होती. ते मागे हात बांधून फेऱ्या मारत मजकूर सांगायला लागले. आबा परगावी असताना त्यांना गेलेलं प्रत्येक पत्र 'चि. आबास अनेक आशीर्वाद' असं सुरू व्हायचं. या वेळी त्यांनी 'श्री.' सांगितलं, आणि पूर्ण नाव, आडनावासकट. मी टाइप केलं. आपण वाटणीच्या दिवशी पंचांसमक्ष. मी टाइप केलं. संगणक यंत्रात हेतुपुरस्सर बिघाड करून. इथे माझी बोटं 'हेतु'वर थांबली. पुढे सरकेनात. नानांच्या फेऱ्याही थांबल्या. त्यांनी विचारलं, शब्द अडला का?

"आबांनी काही केलं नाही," मी म्हटलं. "पट्ट्या दोन-दोन केल्या की यंत्र बंद पडतं. चारही सारख्या लागतात. धुळ्याचंही बंद असणार. मला माहीत होतं."

नाना समोरच्या यंत्राच्या स्टुलावर बसले, विद्यार्थ्याच्या जागी. मी त्यांना वही आणून तक्ता दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग त्यांनी जे विचारायचं होतं तेच विचारलं, की मग त्या दिवशी तोंड का शिवलं होतंस. मी खरं ते सांगितलं. दोन्ही बंद पडली की तुम्ही दोघं परत एकत्र बसाल असं वाटलं.

बाहेर केळीवाला ओरडत गेला. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा हसतील, पण त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. त्यांनी हात लांब करून माझ्या यंत्राचा रोलर फिरवला, कागद कार्बनसकट काढला आणि चार तुकडे करून खिशात ठेवला, केराच्या टोपलीत नाही. "मोठ्या दोन काढ," ते म्हणाले. "त्याला नेऊन दे. अक्षरजुळणी तो करतो, मला काय करायच्यात? लहान दोन घेऊन ये." आणि थोड्या वेळाने, दाराकडे जाता जाता, "पत्राचं बोलू नको." ते पत्र गेलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करायला मला नंतर पुष्कळ वर्षं मिळाली. छापील अक्षरात गेलेला आळ परत घेता येत नाही, निदान आमच्या घराण्यात तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी धुळ्याला गेले. पट्ट्या त्यांच्या मूळच्या चंदेरी पिशवीत, पिशवी वहीत, वही छातीशी. एरंडोल, पारोळा, आणि मग धुळ्याच्या गल्ल्या, ज्यांना नावांऐवजी नंबर असल्यामुळे नवखा माणूससुद्धा चुकत नाही. पाचव्या गल्लीत पिठाच्या गिरणीच्या वर आबांची खोली होती. गिरणीच्या घरघरीत सात टाइपरायटरांचा आवाज बारीक येत होता. कोपऱ्यात कॉम्प्युटर होता, चादर पांघरून. काकूने माझी हनुवटी धरून चेहरा बघितला, वाळली म्हणाली, आणि दहा मिनिटांत डाळीचे वाफवलेले फुनके आणि कढी माझ्यापुढे ठेवली. खाऊन झाल्यावर मी पिशवी काढली आणि नानांचा निरोप सांगितला, पत्राचं सोडून.

आबांनी चादर काढली, कपाटाला हात लावला, झाकण उघडलं. मी वाटी मागितली. लहान दोन निघाल्या, मोठ्या दोन बसल्या. बटण दाबल्यावर टिक-टिक सुरू झाली आणि आकडा चार हजारांपर्यंत पळत गेला. काकू स्वयंपाकघरात होती. आबा पडद्याकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मलाही माहीत होतं, सुनी."

मी म्हटलं, मला ठाऊक आहे, तुम्ही माझ्याकडे पाहिलं होतंत.

"मी बोललो असतो तर मोठं मशीन मागतोय असं झालं असतं," ते म्हणाले. "मला वाटलं, तू बोलशील. म्हणून तर थांबलो. तू नानांची. तुझं त्यांनी ऐकलं असतं."

म्हणजे त्या दिवशी ते मला गप्प राहायला सांगत नव्हते. मला विचारत होते, आणि मी वाटीत बघत बसले होते. मग आबांनी नानांना हे सगळं कसं कळलं ते विचारलं. मी सांगितलं, मला माहीत होतं असं मी कबूल केलं. माझ्याबद्दल काय सांगितलंस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही काही केलं नाही, एवढंच. लहान दोन पट्ट्या चंदेरी पिशवीत घालून त्यांनी मला दिल्या, स्टँडवर सोडायला आले, खिडकीची जागा धरून दिली, आणि बस सुटेपर्यंत खाली उभे राहिले. मला वाटलं, सांग म्हणतील. किंवा सांगू नको म्हणतील. त्यांनी दोन्ही म्हटलं नाही.

घरी पोचले तेव्हा नाना दाराजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसले होते. संध्याकाळची बॅच चालू होती. त्यांनी विचारलं, आबा काय म्हणाला? पंधराच्या जागी सात यंत्रं वाजत होती आणि मी थांबले तर ते ऐकू येणार होतं. मी न थांबता म्हटलं, "काही नाही. हसले."

नानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, आणि त्यांना इतकं हलकं वाटलेलं मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. त्या आठवड्यात धुळ्याला पत्र गेलं, नानांनी स्वतः टाइप केलेलं, 'चि. आबास अनेक आशीर्वाद' असं. पुढच्या आखाजीला आबा आणि काकू जळगावला आले. टेंपो परत आला नाही, दोन घरं ती दोनच राहिली, पण मांडे एकदाच झाले आणि पंगत एक बसली. आमरस वाढता वाढता नानांना गोष्ट आठवली आणि त्यांनी ती सगळ्यांना सांगितली, सोनगीरच्या मामांनासुद्धा: आमच्या या पोरीने दोन्ही मशिनं मारली होती, सगळं माहीत असून गप्प बसली, बिचाऱ्या आबाला काय ठाऊक. सगळे हसले. नंतर ती आखाजीची गोष्टच झाली. नाना दरवर्षी ती सांगायचे, माझ्या लग्नानंतर माझ्या सासरच्यांना सांगितली, नातवंडांना सांगितली. मी आबांकडे बघायचे. पहिली काही वर्षं मला वाटायचं, या वेळी बोलतील. मला त्यांचा राग यायचा, आणि ज्या माणसाने मला सगळं शिकवलं त्याचा राग येतो म्हणून स्वतःचाही यायचा.

आता दोघेही नाहीत. आबांनाही माहीत होतं, हे नाना गेले तोवर मी त्यांना सांगितलं नाही. आबांनीही सांगितलं नाही. दरवर्षी नानांची गोष्ट संपली की ते ताटातला मांडा मोडत, माझ्याकडे न बघता, एवढंच म्हणायचे, "जाऊ द्या नाना. लहान होती ती."

मी एकोणीस वर्षांची होते. आबा चाळीस.